सोळावर ओरडण्याऐवजी: करंजाच्या दोन नौकांवरचं डीएससी

९ जून २०२४

बंदी लागू झाली. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद, त्यामुळे काकांच्या दोन्ही नौका उरणजवळच्या करंजाला धक्क्याला लागल्या आहेत. इंजिनाचं काम मिस्त्री बघतोय, सांधे बुजवणं आणि रंग खलाशी बघतायत, वायरलेस माझ्याकडे. यंदा जुने व्हीएचएफ (जवळच्या अंतराचे वायरलेस) संच काढून क्लास डीचे, म्हणजे लहान नौकांसाठीचे, डीएससी (डिजिटल सिलेक्टिव्ह कॉलिंग, नेमक्या नौकेला अंकांनी हाक मारायची सोय) संच बसवायचे असं काकांशी ठरलंय. त्याची ही वही.

कारण लिहून ठेवते, म्हणजे खर्च वाढायला लागला की पुन्हा वाद नको. धाकटी नौका गिलनेटची, म्हणजे पाण्यात उभं जाळं सोडून मासे अडकवणारी. रात्री जाळं टाकून ती जाळ्याच्या टोकाला बांधून पडलेली असते. मुंबई आणि न्हावाशेव्याची जहाजं त्याच पाण्यातून जातात. एखादं जहाज सरळ जाळ्यावर येताना दिसलं की तांडेलमामा (धाकटी चालवणारे) १६ नंबरवर, म्हणजे सगळे ऐकतात त्या सामायिक चॅनलवर, बोलावत राहतात, "शिप, शिप, फिशिंग बोट." आसपासची सगळी जहाजं हे ऐकतात आणि प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्या कुणाला तरी बोलावतायत. जाळं तुटतं. कधी नुसत्या जाळ्यावर भागत नाही. ११ जून २०१७ ला कोचीजवळ 'अंबर एल' या मालवाहू जहाजाने 'कार्मेल माता' या मासेमारी नौकेला पहाटेच्या अंधारात धडक दिली, त्यात माणसं गेली. आपल्याच बंदराच्या तोंडाशी ७ ऑगस्ट २०१० ला 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया ३' ही दोन मोठी जहाजं एकमेकांवर आदळली आणि समुद्रात कंटेनर तरंगत होते. मोठ्यांचं असं होतं, तिथे लाकडी नौकेचा काय हिशेब?

डीएससीचं काम थोडक्यात सांगायचं तर आधी अंक पाठवायचे, मग बोलायचं. ७० नंबरचा चॅनल, म्हणजे १५६.५२५ मेगाहर्ट्झ, जगभर यासाठीच राखून ठेवलाय. त्यावर तोंडाने बोलायचंच नाही. आपला संच तिथे समोरच्याचा नऊ आकडी एमएमएसआय, म्हणजे संचाचा ओळख क्रमांक, पाठवतो. ज्याचा तो क्रमांक, त्याच्याच पुलावर (जहाज चालवतात त्या खोलीत) घंटा वाजते. बाकीचे संच गप्प. आंतरराष्ट्रीय नियमांत येणाऱ्या जहाजांना ७० वर चोवीस तास कान ठेवावाच लागतो. १ फेब्रुवारी १९९९ पासून ही व्यवस्था, जीएमडीएसएस (समुद्रातल्या संकटसंदेशांची जागतिक व्यवस्था), पूर्णपणे लागू आहे. मग आपल्या नौकांनी पंचवीस वर्षं नुसतं ओरडत का राहायचं, हे मला कळत नाही.

१६ जून

दादा रजेवर घरी आलाय. काकांचा मुलगा, जहाजावर सेकंड ऑफिसर. त्याच्याकडे जीएमडीएसएसचं प्रमाणपत्र आहे, त्यामुळे चाचण्यांच्या वेळी संच तोच हाताळणार. परवान्याची आणि क्रमांकाची कागदपत्रं काकांनी उन्हाळ्यातच उरकली होती.

दोन्ही संचांत एमएमएसआय भरले. भारताचे क्रमांक ४१९ ने सुरू होतात. संच दोनदा टाकायला लावतो आणि दोन्ही वेळा जुळलं की कायमचं कुलूप घालतो. नंतर बदलायचं तर विक्रेत्याकडे न्यावा लागतो. म्हणून मी कागद धरून एकेक आकडा मोठ्याने वाचला, दादाने भरला, काकांनी पडद्यावर बोट ठेवून तपासला. मग खात्री करून शेवटचं बटण. जो क्रमांक संचात जातो त्यावरूनच तटरक्षक दल नौका ओळखणार, मालक कोण, घरी कुणाला फोन करायचा हे काढणार. तेव्हा इथे घाई नको.

बोलता बोलता दादाने क्रमांकांची ठेवण सांगितली, ती खलाशांच्या तक्त्यावर लिहिणार आहे. सुरुवातीला दोन शून्यं असतील तर किनाऱ्यावरचं केंद्र. एक शून्य असेल तर गट. १११ म्हणजे शोध-बचावाचं विमान. ९७० म्हणजे जीवरक्षक होडीतलं एआयएस (आपली ओळख आणि जागा आपोआप प्रसारित करणारं) उपकरण, ९७२ म्हणजे पाण्यात पडलेल्या माणसाच्या जाकिटातलं. पडद्यावर ९७२ दिसलं तर कोण आहे, कुठलं आहे असे प्रश्न विचारत बसायचं नाही, सरळ तिकडे निघायचं.

२३ जून

अँटेना आणि केबल. दिवसभर पाऊस, डोलकाठीवर चढणं बंद. खाली बसून जुनी केबल सोलली. केबलच्या आतली तारांची जाळी हिरवी पडलेली, टोकाच्या पीएल-२५९ कनेक्टरमध्ये मीठ. आतापर्यंत "वायरलेस लांब जात नाही" म्हणून संचाला शिव्या बसत होत्या. दोष खरा या टोकात होता.

जुनी केबल बारीक, आरजी-५८. या फ्रिक्वेन्सीला ती शंभर मीटरला साधारण २० डेसिबल खाते. आपली लांबी १२ मीटर धरली तर २.४ डेसिबल. संचातून निघालेल्या २५ वॉटपैकी अँटेनापर्यंत १४-१५ पोचतात, तेही केबल कोरी असताना. जाड आरजी-२१३ घेतली तर तोटा एका डेसिबलच्या आसपास, म्हणजे २० वॉट हाती लागतात. किमतीत फरक आहे, पण इथे वाचवलेले पैसे समुद्रात जातात. दोन्ही नौकांना जाड केबल, टोकांना पाणी न शिरणारी टेप आणि वरच्या टोकाला केबलचा खाली लोंबता वळसा, म्हणजे पावसाचं पाणी कनेक्टरकडे न येता वळशातून गळून जाईल.

उंचीचा हिशेब काकांना करून दाखवला. व्हीएचएफ जवळपास नजरेच्या रेषेत चालतो. अँटेनाच्या मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढायचं, २.२ ने गुणायचं, नॉटिकल मैल मिळतात. दोन्ही बाजूंचे आकडे मिळवायचे. आपली अँटेना पाण्यापासून ६ मीटरवर, म्हणजे ५.४ मैल. आपल्याच दोन नौका एकमेकींना साधारण ११ मैलांवर मिळतील. समोर जहाज असेल आणि त्याची अँटेना ३६ मीटरवर, तर साडेअठरा मैल. म्हणजे जहाज आपल्याला दिसायच्या बरंच आधी त्याच्या पुलावर घंटा वाजवता येते. काका गप्प बसून आकडे बघत होते. मग म्हणाले, "अँटेना अजून हातभर वर घे." घेतली.

७ जुलै

जीपीएसची जोडणी. डीएससीचं निम्मं मोल यातच आहे. संचाला नौका कुठे आहे ते माहीत नसेल तर संकटाचं लाल बटण दाबूनही नुसतं "कुणीतरी संकटात" एवढंच जातं. हाताने अक्षांश-रेखांश भरता येतात, पण बुडत्या नौकेवर कोण भरत बसणार? शिवाय हाताने भरलेली जागा साडेतेवीस तासांनंतर संच स्वतःच पुसून टाकतो आणि त्या जागी नुसते नऊ-नऊ पाठवतो. नियम योग्यच आहे. कालची जागा सांगून बचावपथकाला भलतीकडे पाठवण्यापेक्षा जागा माहीत नाही हे सांगितलेलं बरं.

मोठ्या नौकेवर लगेच जमलं. धाकटीवर प्लॉटरची (नकाशावर जागा दाखवणाऱ्या जीपीएसची) तार जोडूनही पडद्यावर जागा येईना. तारा उलटसुलट करून पाहिल्या, तरी नाही. मल्टिमीटर लावला तर तारेवर सिग्नल होता. मग प्लॉटरच्या सेटिंगमध्ये गेले: तो ३८,४०० बॉडच्या (माहिती पाठवायच्या) गतीने पाठवत होता आणि संच ४,८०० ऐकत होता. एनएमईए ०१८३ ची, म्हणजे नौकेवरची उपकरणं एकमेकांना माहिती देतात त्या ठरलेल्या पद्धतीची, नेहमीची गती ४,८०० च. बदलली आणि त्याच क्षणी जागा आली. तांडेलमामांनी प्लॉटरवरचे आकडे आणि संचावरचे आकडे एकेक करून ताडून पाहिले. यापुढे बंदर सोडताना रोज असंच ताडायचं, हे त्यांचं त्यांनीच ठरवलं.

वेळ संचात यूटीसीच (जागतिक प्रमाणवेळ) ठेवली. संकटसंदेशाबरोबर जागेची वेळ त्याच घड्याळाने जाते. आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा, अशी पट्टी संचाखाली चिकटवली.

१४ जुलै

आजची नोंद सविस्तर, कारण अनेक नौकांवर हा त्रास असणार आणि कुणाला पत्ताही नसणार.

धाकटीवर दिवसा सगळं ठीक, संध्याकाळी संच बहिरा. धक्क्यावरून हँडसेटवर बोलून बघितलं. अर्ध्या वाटेवर आवाज तुटतो. मी अँटेना पुन्हा तपासली, स्टँडिंग वेव्ह (अँटेनाकडून परत येणारी शक्ती) मोजली, सगळं चांगलं. फरक फक्त वेळेचा होता. आणि संध्याकाळी काय होतं? डेकवरचे एलईडी दिवे लागतात.

स्वस्त एलईडीच्या आत विजेचा दाब बदलणारं सर्किट असतं, ते धड झाकलेलं नसेल तर व्हीएचएफच्या पट्ट्यात खरखर सोडतं. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने ऑगस्ट २०१८ मध्ये याबद्दल सुरक्षा सूचनाच काढली होती. तिच्यात दिलेली तपासणी सोपी आहे, तीच केली. दिवे बंद करून शांत चॅनल लावायचा, स्क्वेल्च (खरखर दाबून टाकणारी सोय) खरखर ऐकू येईपर्यंत सैल करायचा, मग आवाज जेमतेम थांबेल इतकाच घट्ट करायचा. आता एकेक दिवा लावायचा. खरखर परत आली तर तोच दिवा.

पहिला दिवा, शांत. केबिनचा दिवा, शांत. मागचा मोठा फ्लडलाइट लावला आणि संच ओरडायला लागला. बंद, शांत. लावला, खरखर. खलाशी पोरं बघायला गोळा झाली होती, त्यांनीही आळीपाळीने बटण दाबून खात्री केली.

याचा धोका हा की दिवा लागलेला असतो तेव्हा जाळं पाण्यात असतं, नौका हलू शकत नाही, म्हणजे नेमकी वायरलेसची गरज असते तेव्हाच तो बहिरा होतो. आणि कुणाला कळतही नाही, कारण स्क्वेल्च खरखर गिळून टाकतो आणि नुसती शांतता राहते. फ्लडलाइट बदलून दुसऱ्या कंपनीचा, धातूच्या बंद खोक्यातला घेतला. त्याची तार अँटेनाच्या केबलबरोबर एकाच नळीतून नेली होती, ती वेगळी काढली, दोन्ही टोकांना खरखर अडवणाऱ्या फेराइटच्या कड्या घातल्या. आता खरखर नाही. मोठ्या नौकेवर हीच तपासणी केली, तिथे सगळं साफ.

२८ जुलै

खलाशांची शिकवणी. जेट्टीवरच्या शेडमध्ये, बाहेर पाऊस. दोन्ही नौकांचे सगळे आले, शेजारच्या नौकांवरचेही काही जण येऊन बसले.

आधी लाल बटण. त्यावर झाकण आहे. झाकण उचलायचं, बटण दाबून तीन-चार सेकंद धरून ठेवायचं, संच पी-पी करत मोजतो आणि मग संदेश जातो. वेळ असेल तर आधी यादीतून प्रकार निवडायचा: आग, पाणी शिरलं, टक्कर, रुतलो, कलंडलो, बुडतोय, इंजिन बंद होऊन वाहतोय, नौका सोडतोय, चाचे, माणूस पाण्यात. वेळ नसेल तर यादीच्या नादी लागायचं नाही, नुसतं बटण. कुणाची पोच येईपर्यंत संच दर चार मिनिटांच्या आसपास तोच संदेश आपोआप पुन्हा पाठवत राहतो. बटण दाबून झालं की १६ वर तोंडाने सांगायचं, कारण डीएससीने जागा कळते, पण माणसं किती आणि जखमी कोण हे तोंडानेच कळतं. इस्रोचं डॅट हे संकटसंदेशाचं यंत्र नौकेवर आहे, तेही लावायचं. त्याचा संदेश उपग्रहातून जातो, किनारा दूर असला तरी चालतं. डीएससीचा फायदा वेगळा: दहा मैलांवरचं जहाज लगेच ऐकतं आणि वळून येऊ शकतं. दोन्ही लागतात.

तपासणीसाठी लाल बटण कधीही दाबायचं नाही. हे मी पुन्हा पुन्हा सांगितलं. चुकून दाबलं गेलं तर घाबरून संच बंद करून गप्प बसायचं नाही. आपल्या संचात रद्द करण्याची सोय आहे, ती वापरायची, आणि १६ वर येऊन नौकेचं नाव, क्रमांक, जागा सांगून "माझा संकटसंदेश रद्द" असं सांगायचं. लपवलं तर किनाऱ्यावर शोध सुरू होतो. सांगितलं तर कुणी रागावत नाही.

दुसऱ्याचा संकटसंदेश आला तर काय, हा प्रश्न एका तरुण खलाशाने विचारला आणि तो या दिवसाचा सगळ्यात चांगला प्रश्न होता. संच मोठ्याने कोकलायला लागतो. आवाज बंद करायचा, पडद्यावरची जागा लिहून घ्यायची, १६ लावून ऐकायचं. डीएससीने पोच देण्याचं काम किनाऱ्यावरच्या केंद्राचं. आपण मध्येच दिली तर त्या नौकेचा संदेश पुन्हा जायचा थांबू शकतो आणि किनाऱ्याला कळतच नाही. थोडं थांबून कुणीच बोलत नसेल तर १६ वर तोंडाने पोच द्यायची, तटरक्षक दलाला कळवायचं. मोबाइलची रेंज असेल तर १५५४. आणि जवळ असू तर जायचं.

एका वयस्कर खलाशाने विचारलं, रात्री असा आवाज झाला तर झोपमोड होईल, फ्यूज काढून ठेवला तर? काकांनी मला बोलूच दिलं नाही. "तुझा पोर पाण्यात असला तरी फ्यूज काढशील?" एवढंच विचारलं.

४ ऑगस्ट

बंदी उठली, पण वारा अजून शांत नाही आणि काका नारळी पौर्णिमेआधी जाळं टाकत नाहीत. त्यामुळे दोन्ही नौका नुसत्या खाडीच्या तोंडापर्यंत नेऊन एकमेकींना कॉल करून पाहिलं.

आधी चाचणी कॉल. मोठीवरून धाकटीला पाठवला, तिच्या संचाने आपोआप उत्तर दिलं. माणसाला काही करावं लागत नाही. हा रोज निघताना करायचा, ७० वरचं पाठवणं-ऐकणं दोन्ही चालू आहे हे एका झटक्यात कळतं.

मग वैयक्तिक कॉल. दादाने यादीतून धाकटीचं नाव निवडलं, बोलायला ७२ नंबर सुचवला आणि पाठवलं. अर्ध्या सेकंदाच्या आसपास काम झालं. धाकटीवर घंटा, पडद्यावर मोठीचं नाव, तांडेलमामांनी स्वीकारलं आणि दोन्ही संच आपापले ७२ वर गेले. मामा थोडा वेळ संचाकडे बघत राहिले. "म्हणजे घरच्या फोनसारखं. ज्याचा नंबर, त्यालाच रिंग." बरोबर तेवढंच.

पोरांना त्या अर्ध्या सेकंदात काय जातं ते ऐकायचं होतं, म्हणून हँडसेट ७० वर लावून ऐकवलं. किरकिरल्यासारखा आवाज. १३०० आणि २१०० हर्ट्झचे दोन सूर, सेकंदाला १२०० वेळा बदलणारे. प्रत्येक चिन्ह दहा बिटांचं: सात माहितीचे, उरलेल्या तिनांत त्या सातांत शून्यं किती ते. आकडा जुळला नाही तर चिन्ह बिघडलं हे ऐकणाऱ्या संचाला कळतं. शिवाय प्रत्येक चिन्ह थोड्या अंतराने दोनदा जातं. लाटेमागे अँटेना गेली किंवा वीज कडाडली आणि एक हरवलं, तरी दुसरं उरतं. ज्याने हे बांधलं त्याने समुद्राचा विचार करून बांधलंय. तोंडी बोलणं तुटतं अशा ठिकाणीही कॉल पोचतो तो यामुळेच.

गटाचा क्रमांकही भरला. एक शून्य, मग ४१९, मग आपण ठरवलेले आकडे, दोन्ही संचांत तेच. गटाच्या कॉलला पोच येत नाही, म्हणून पाठवून झाल्यावर चॅनलवर जाऊन नाव घेऊन विचारायचं.

२० ऑगस्ट

काल नारळी पौर्णिमा. नारळ सोडला, नौका सजल्या. आज निघायच्या आधी एका सेटिंगवरून मोठा वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता.

डीएससीत एक नौका दुसरीला "कुठे आहेस" असं विचारू शकते. उत्तर द्यायचं की नाही ते संचात ठरवता येतं: आपोआप, विचारून, किंवा कधीच नाही. काकांचं म्हणणं, आपोआप ठेवा. धाकटीवरून उत्तर येत नसेल, कुणी बोलायच्या अवस्थेत नसेल, तरी मला जागा कळली पाहिजे. तांडेलमामांचं म्हणणं, बिलकूल नाही. मासळी लागलेली जागा हीच तांडेलाची कमाई. ती तो सख्ख्या भावाला सांगत नाही. उद्या माझा क्रमांक ज्याला माहीत तो धक्क्यावर बसून विचारणार आणि संच मला न विचारता सांगून टाकणार.

दोघांचंही खरं आहे. मी फक्त तांत्रिक बाजू मांडली. ७० वरचं काहीच गुप्त नसतं. योग्य संच असलेला कुणीही उत्तर वाचू शकतो. मूळ संदेशात अंश आणि मिनिटं एवढंच बसतं, आणि अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक नॉटिकल मैल, १८५२ मीटर. नवे संच त्याला जास्त बारीक जागा जोडतात. पण मामा म्हणाले, मैलभराच्या आत मी शोधून काढीन, मग दुसरा का नाही काढणार? आणि लाल बटणाचा या सेटिंगशी काही संबंध नाही. ते दाबलं की जागा जातेच.

शेवटी "विचारून" ठेवलं. त्याबरोबर काकांची अट: सूर्यास्ताला आणि पहाटे काका स्वतः मोठीवरून जागा विचारणार आणि मामांनी हो म्हणायचं. दोन्ही वेळा हो आलं नाही तर काका निघणार. माझ्या मते हा निर्णय योग्य. आपोआप ठेवलं असतं तर मामांनी पहिल्याच रात्री संच बंद केला असता, आणि बंद संच कुणालाच वाचवत नाही.

१ सप्टेंबर

ज्यासाठी सगळं केलं ते आज झालं. दादाचा एक मित्र ज्या जहाजावर आहे ते बाहेर नांगरावर उभं होतं. दादाने आधी फोनवरून सांगून परवानगी घेतली. खांदेरी मागे टाकून आम्ही मोठी नौका पश्चिमेला नेली. जहाज डोळ्यांना नुसती पुसट रेघ होतं. एआयएसच्या पडद्यावर नाव, क्रमांक, अंतर सगळं दिसत होतं.

क्रमांक हाताने भरायला लागला. गोल बटण फिरवून नऊ आकडे, नौका हलतेय, हात ओले. दादालाही वेळ लागला. मामांना रात्री किती लागेल? ही या संचांची मोठी उणीव. एआयएसला जोडलेले संच येतात, त्यांत पडद्यावर जहाज निवडलं की क्रमांक आपोआप येतो. पुढच्या वर्षी तसाच संच धाकटीवर घ्यायचा, हे काकांनी तिथेच कबूल केलं.

कॉल गेला. काही क्षण काहीच नाही. मग आमच्या संचाने पोच दाखवली आणि तो स्वतः ७७ वर गेला. पलीकडून मित्र नौकेचं नाव घेऊन बोलला. दादाने माइक मामांच्या हातात दिला. मामांनी कार्डावर देवनागरीत लिहिलेलं वाचलं: "धिस इज फिशिंग व्हेसल. माय नेट इज वन माइल ईस्ट ऑफ मी. प्लीज कीप क्लिअर." उत्तर आलं. मामांनी दुसरं वाक्यही म्हटलं, तेही कळलं.

नंतर मित्राने पुलावरची बाजू सांगितली. १६ वर दिवसभर गलका असतो, "शिप" म्हणून कुणी हाक मारली तर कान तिकडे जातच नाही. पण स्वतःच्या क्रमांकावर कॉल आला की घंटा बंद करायला तरी उठावं लागतं, आणि पडद्यावर कोण बोलावतंय ते दिसतं. त्याने एक इशाराही दिला, तो तसाच लिहिते. व्हीएचएफवर बोलत बसून जहाजांनी एकमेकांवर आदळल्याच्या घटना झाल्यात, ब्रिटनच्या सागरी खात्याने त्यावर वेगळी सूचना काढलेली आहे. तेव्हा घंटा वाजवायची ती लवकर, अंतर भरपूर असताना. जहाज जवळ आलं की संचाचा नाद सोडायचा, दिवे दाखवायचे, हॉर्न वाजवायचा, जाळं सोडावं लागलं तर सोडायचं आणि बाजूला व्हायचं. मामांनी मान हलवली. हे त्यांना कुणी शिकवायला नको.

२२ सप्टेंबर

गणपती झाले. धाकटी परवा रात्री बाहेर होती. मामांनी पहाटे आल्यावर स्वतः येऊन सांगितलं, म्हणून लिहिते.

उत्तरेकडून एक जहाज थेट जाळ्यावर येत होतं. एआयएसवर अंतर बारा मैलांच्या आसपास असतानाच मामांनी एका खलाशाला क्रमांक वाचायला बसवलं आणि स्वतः बटण फिरवलं. पहिल्या कॉलला पोच आली नाही. थोडं थांबून पुन्हा पाठवला. पोच आली, ७७ वर बाईचा आवाज आला, इंग्रजी कुठल्या तरी वेगळ्याच देशाचं. मामांनी कार्ड वाचलं. तिने जाळ्याची लांबी विचारली, ती कार्डावर नव्हती. मामांनी अंदाजाने "टू माइल" म्हटलं. जहाजाने तोंड पश्चिमेला वळवलं. जाळं शाबूत आलं.

कार्डावर वाढवायचं: जाळ्याची लांबी, जाळ्याच्या दुसऱ्या टोकाच्या दिव्याचा रंग, आपण कुठल्या दिशेला वाहतोय. मामांना आकडेही इंग्रजीत लिहून हवेत, दहापर्यंत. अँटेनाच्या कनेक्टरची टेप एका बाजूने सुटायला लागलीय, ती दिवाळीआधी बदलायची. शेजारच्या नौकेच्या नाखव्यांनी केबलचा आणि फ्लडलाइटचा खर्च विचारलाय. त्यांच्याकडे आधी दिव्यांची तपासणी करायची, मग संचाचं बघू.